तारेवरची कसरत : पावणेतीन लाखांची गिटार

गेल्या महिन्यात अ‍ॅम्प्लिफायरच्या गुरगुरण्यावर लिहिलं होतं. मला वाटलं पत्रं त्यावर येतील. आली ती सगळी पैशावर. मग यावेळी पैशाचंच बोलू.

तासगाव तालुक्यातून एक बागायतदार लिहितात :

साहेब, माझी द्राक्षबाग आहे. थोरला मुलगा सांगलीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. तीन वर्षं नऊ हजारांची इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय, आता म्हणतो खरी पाहिजे. त्याला हवी ती गिब्सन लेस पॉल पुण्याच्या दुकानात पावणेतीन लाखांना सांगितली. एका लाकडाला आणि सहा तारांना एवढे पैसे कशाचे? मांडवाच्या तारा ओढण्यात आमचा जन्म गेला, पण असली तार कधी बघितली नाही. बेदाण्याला भाव नसला तर कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो, मागून भाव येतो. गिटार ठेवून भाव येतो का? पोरगं अभ्यासात बरं आहे, वाया गेलेलं नाही. खरं काय ते सांगा.

उत्तर : दादा, खरं ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. आत्ता घेऊ नका. पण पोराला वेड्यातही काढू नका. तो म्हणतोय त्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं नेमकं कुठलं हे कळायला माझी चाळीस वर्षं गेली.

माझं दुकान मुळात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं. मिरजेतल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर यायला लागले आणि त्यांच्या मागून त्यांच्या गिटारी आल्या. त्यामुळे गिटारकडे मी वायरमनच्या नजरेने बघतो, आधी मागचं झाकण उघडतो. लेस पॉल ही गिब्सन या अमेरिकन कंपनीची गिटार. तिचं झाकण उघडलं की आत काय दिसतं? चार व्हॉल्यूम-टोनची बटणं, दोन कपॅसिटर, एक स्विच, एक जॅक आणि थोडी वायर. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत याच्या तिप्पट माल असायचा. पुढच्या बाजूला दोन पिकअप. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्या भोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की त्या वेढ्यांत वीज उठते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच, आणि तुमच्या सायकलचा डायनॅमो चालायचा तोही याच हिशेबाने. लेस पॉलच्या पिकअपमध्ये एकाऐवजी दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात. आपल्या लाइटच्या पन्नास हर्ट्झची गुरगुर एका वेटोळ्यात येते ती दुसरं मारून टाकतं. ही युक्ती गिब्सनच्या सेथ लव्हरची, पेटंटचा अर्ज १९५५ चा. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली. आज तसलाच पिकअप कोणीही गुंडाळतो, आणि बरेचजण चांगला गुंडाळतात.

मग पैसे जातात कुठे? बरेचसे अमेरिकेतल्या मजुरीत. ही गिटार टेनेसीतल्या नॅशव्हिलला बनते. तिची मान शिरसाने बसवलेली असते, बॉडीवर लाखेसारखं पातळ पॉलिश थरावर थर देऊन वाळवावं लागतं, आणि हे सगळं करणारा माणूस तिथला पगार घेतो. त्यावर जहाजाचं भाडं, आयात शुल्क, जीएसटी, दुकानदार. आणि वर नावाचे. नावाचे किती, हे कंपनी सांगत नाही आणि विचारणाऱ्याला आवडतही नाही.

या धंद्यात माझ्या आधी एक रेडिओवाला होऊन गेलाय, त्याची गोष्ट पोराला वाचून दाखवा. लिओ फेंडर. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिटार वाजवता येत नव्हती त्याला. १९५० साली त्याने सपाट फळीची गिटार बाजारात आणली, मान नुसती चार स्क्रूंवर. मान वाकली तर स्क्रू काढा, दुसरी बसवा, हा विचार गॅरेजवाल्याचा आहे. १९५४ ची त्याची स्ट्रॅटोकास्टर आज जगभर चालते. म्हणजे ज्या घराण्याच्या गिटारीला लोक आज लाखांनी पैसे मोजतात, ती वस्तू मुळात झटपट बनावी आणि सहज दुरुस्त व्हावी म्हणूनच आखलेली होती. मला हे फार आवडतं. आमच्या जातीचा माणूस.

आता माझ्या पहिल्या गिटारचं सांगतो, म्हणजे पोराचं अर्धं खरं कुठे आहे ते कळेल. १९८६ मध्ये मी एक देशी इलेक्ट्रिक गिटार चौदाशे रुपयांना घेतली. कोणाची ते सांगत नाही, माणसं पोटासाठी बनवत होती. गिटारवर फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, कुठे मारायचे याचा हिशेब ठरलेला आहे. मोकळ्या तारेच्या बरोबर मध्यावर बारावा फ्रेट, तिथे वरचा सा मिळालाच पाहिजे, आणि मधले अकरा ठरावीक प्रमाणात कमी कमी अंतराने. माझ्या गिटारवर कारागिराने अंदाजपंचे करवत चालवली होती. खालच्या पट्टीत सूर मिळवला की वर बेसूर, वर मिळवला की खाली. गणपतीत तीन रात्री मी ती वाजवली. चौथ्या रात्री आमचा गायक म्हणाला, "काका, आज तुम्ही नुसते उभे राहा. गळ्यात असू दे, दिसायला बरी आहे."

त्या काळात महागडी आणि स्वस्त यांच्यात असं जमीन-अस्मानाचं अंतर होतं, आणि "गिटार घ्यायची तर अमेरिकनच" हे वाक्य तेव्हापासून लोकांच्या तोंडात बसलंय. आता फ्रेटच्या खाचा कॉम्प्युटरवर चालणारं मशीन पाडतं. ते तीस हजारांच्या गिटारीला आणि तीन लाखांच्या गिटारीला वेगळं वागवत नाही. इंडोनेशियात सुराबायाला असे कारखाने आहेत की एकाच छपराखाली वेगवेगळ्या नावांच्या गिटारी बनतात. तिथला माल दुकानात येतो आणि मी तो उघडून बघतो. सूर चुकलेली मान गेल्या कित्येक वर्षांत मला दिसलेली नाही.

राहिलं ते हातकाम. फ्रेटची टोकं कानसून गोल केलेली आहेत का, सगळे फ्रेट एका पातळीत आहेत का, तारा जिथे मानेवर टेकतात त्या नटच्या खाचा पुरेशा खोल आहेत का. स्वस्त गिटारीत हे काम अर्धवट सोडलेलं असतं, कारण त्याला माणूस बसवावा लागतो. तुमच्या पोराला "खरी" आणि "खोटी" यांतला जो फरक बोटांना जाणवतोय तो बराचसा इथला आहे. आवाज त्याला वेगळा येत असेलही, पण बोटाला काही टोचलं की कानाला पण वाईटच ऐकू येतं, हा माझा अनुभव आहे.

दोन वर्षांपूर्वी दुकानात तीन गिटारी एकाच वेळी आल्या होत्या. एक अडीच लाखांवरची, एक मेक्सिकोत बनलेली, एक तीस हजारांच्या घरातली. मी तिघींची तारांची उंची एकसारखी केली, पिकअपची तारेपासूनची अंतरं मिळवली, एकाच अ‍ॅम्प्लिफायरला लावल्या आणि मधलं दार ओढून घेतलं. बाहेर बाकावर दोन ऑर्केस्ट्राचे गिटारिस्ट आणि शेजारचे एक सतारमेकर. त्यांनी आयुष्यभर तंबोऱ्याच्या जवाऱ्या काढल्यात, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज गुंजता केलाय. जवारी खुलली की नाही हे त्यांना रस्त्यावरून जाताना कळतं. आत भाचा एकच तान तिन्हींवर वाजवत होता. गिटारिस्ट दोघांनी तीन फेऱ्यांत तीन वेगवेगळी उत्तरं दिली. सतारमेकर मात्र दर वेळी त्याच एका गिटारीला महाग म्हणाले. तीस हजारांचीला. मी चक्रावलो. मग ध्यानात आलं की तिला सकाळीच नवीन तारा घातल्या होत्या. तिन्हींना नवीन तारा घातल्यावर ते म्हणाले, "आता सगळ्या बहिणी बहिणी वाटतात. मधली जरा नाकात बोलते." मधली मेक्सिकोवाली होती आणि तिचा पिकअप निराळ्या जातीचा होता, एका वेटोळ्याचा. म्हणजे म्हातारा बरोबरच ऐकत होता, फक्त किमतीचा आवाज त्याला ऐकू आला नाही.

एवढ्यावरून महाग गिटारीत काही नसतं असं म्हणाल तर तेही खोटं होईल. तुमच्याच भाषेत सांगतो. सहा तारांचा मिळून मानेवर चाळीस-पंचेचाळीस किलोचा ओढ असतो, अहोरात्र. तुमच्या मांडवाच्या शेवटच्या खांबासारखी ती मान आत ओढली जाते. म्हणून तिच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते, खांबाला बाहेरून ताण देतो तशी, आणि ती पान्याने कमी-जास्त करता येते. आता आपली हवा बघा. एप्रिलमध्ये लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला ओरखडे काढतात. जुलैत कृष्णेकाठची दमट हवा लागली की तेच लाकूड फुगतं. नीट वाळवलेल्या लाकडाची मान हे वर्षानुवर्षं सोसते. घाईत वाळवलेलीचा पान्याशी दर ऋतूत संबंध येतो. महाग गिटारीत अशी चांगली मान मिळण्याचा संभव जास्त. खात्री नाही, संभव. लाखावरच्या गिटारीची वाकडी मानसुद्धा या टेबलावर पडून गेलीय.

आणि एक कबुली. २०११ मध्ये कोल्हापूरच्या एका डॉक्टरांची महागडी गिटार जॅक बदलायला आली होती. काम वीस मिनिटांचं. मी "पार्ट पुण्याहून मागवलाय" असं सांगून ती तीन दिवस ठेवून घेतली. पार्ट ड्रॉवरमध्येच होता. रात्री शटर ओढून दीड-दीड वाजेपर्यंत वाजवली. तिच्या मानेच्या कडा इतक्या मऊ होत्या की हात आपोआप पुढच्या सुराकडे घसरायचा. त्या तीन रात्रींत मी जे वाजवलं ते माझ्या नेहमीच्या गिटारवर मला कधी सुचलंच नव्हतं. त्याला पावणेतीन लाख द्यावेत का, हे तुमच्या पोराला विचारण्यापेक्षा तुमच्या बँक पासबुकाला विचारा. पण ती गोष्ट खरी आहे, एवढं पोराच्या बाजूने सांगून ठेवतो. नंतर मी माझ्या जुन्या गिटारीच्या कडा कानसने तशाच गोल करून बघितल्या. बारा आणे जमलं.

आता बेदाण्याचं. गिटार ठेवून भाव येतो का? येतो, पण कोणाला? लेस पॉल १९५२ पासून निघते. १९५८ ते ६० च्या दरम्यानचा तिचा लाल-पिवळ्या झाकेचा नमुना अमेरिकेत अडीचशे डॉलरच्या आसपास मिळायचा, आणि तो खपत नाही म्हणून कंपनीने बंदच केला. पुढे इंग्लंडच्या वादकांनी त्या गिटारी हातात घेतल्या आणि आज त्यांतली एकेक काही लाख डॉलरना जाते. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिलमरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. त्याने ती १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या दुकानातून साधी उचललेली होती. हा भाव हाताचा आहे, लाकडाचा नाही. तुमची नवी गिटार दुकानातून बाहेर पडली की नव्या ट्रॅक्टरसारखी त्याच दिवशी उतरते. दहा वर्षांनी महागाई जमेस धरली तर मुद्दल हाती लागलं तरी नशीब. एक मात्र आहे : नावाच्या गिटारीला गिऱ्हाईक मिळतं, बिननावाचीला मिळत नाही. म्हणून घ्यायचीच वेळ आली तर दुसऱ्या हातची बघा. पडायचा भाव पहिल्या मालकावर पडून गेलेला असतो.

मग करायचं काय? पस्तीस-चाळीस हजारांपर्यंतची दोन पिकअपवाली गिटार घ्या. एपिफोन हे नाव १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीचं आहे, त्याच आकाराची लेस पॉल त्या नावाने मिळते, पोराचा आकाराचा हट्टही पुरा होईल. उरलेल्यातले पंधरा-वीस हजार बऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला द्या. तुमचा मुलगा आत्ता बहुतेक मोबाईलला हेडफोन लावून वाजवत असणार. इलेक्ट्रिक गिटारचा अर्धा आवाज स्पीकरच्या कागदातून येतो आणि तो अर्धा त्याने अजून ऐकलेलाच नाही. बाकीचे दोन लाख बागेत असू देत.

जाता जाता तुमच्यासारख्याच बाप-लेकाचं सांगतो. क्वीन या इंग्लिश बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे सोळा वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, त्याला फेंडर पाहिजे होती आणि घरी पैसे नव्हते. बाप इलेक्ट्रॉनिक्समधला. दोघांनी मिळून घरीच गिटार बनवायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून काढली, तारा सैल-ताठ करणाऱ्या दांडीला जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या, मानेवरच्या खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. त्याच गिटारवर तो पुढे क्वीनमध्ये जन्मभर वाजवत आला. तुमचा पोरगा मेकॅनिकलला आहे म्हणून आठवलं. तुम्ही फवारणीच्या ब्लोअरच्या स्प्रिंगा काढून देऊ नका म्हणजे झालं.

रविवारी त्याला त्याच्या नऊ हजारांच्या गिटारीसकट पाठवा. फ्रेट कानसून, नटच्या खाचा उतरवून, सूर मिळवून देतो. मजुरी बाराशे, तारा त्याच्या. ती वाजवूनही त्याला पावणेतीन लाखांचीच हवी असली तर मला पुन्हा लिहा, मी उत्तर बदलेन.

मिरजेतून एक वाचक जरा रागाने :

गिटारच्या किमतीवर एवढी चर्चा. आमच्या गल्लीत पन्नास-साठ हजारांचा तंबोरा बनतो त्याला कोणी "लाकडाला एवढे?" म्हणून विचारत नाही. की परदेशी वस्तू म्हणून कौतुक?

उत्तर : रागवा, पण उलट बाजूने. तंबोऱ्याला विचारत नाहीत कारण तिथे विचारायचं कारणच नाही. तंबोऱ्यात आवाज पिकतो तो भोपळ्यात. पंढरपूर-बेगमपूरकडून आलेला भोपळा जाड सालीचा की पातळ, किती महिने सुकलाय, तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या झाकणाला, तुणीचं लाकूड कसं लागलंय, यावर सगळं. झाकण उघडून मी बघायला गेलो तर आत पोकळीच सापडेल, आणि ती पोकळी म्हणजेच वाद्य. तिथे दिलेला रुपया सरळ आवाजात जातो. इलेक्ट्रिक गिटारीत तो दहा ठिकाणी वाटला जातो आणि आवाजाच्या वाट्याला शेवटी काय उरतं, हाच तासगावच्या दादांचा प्रश्न आहे.

शिकलगार घराण्यांनी तलवारींना धार लावणं सोडून सतारी-तंबोरे करायला घेतले त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी त्या कारागिराची दिवसाची मजुरी आणि नॅशव्हिलच्या कारागिराची दिवसाची मजुरी शेजारी शेजारी मांडून बघा. खरा राग तिथे येऊ द्या. गिटार महाग आहे की तंबोरा स्वस्त, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाय द वे, नावाचा गंड फक्त गिटारवाल्यांनाच असतो असं समजू नका. क्लॉडिया फ्रिट्झ या संशोधिकेने इंडियानापोलिसला २१ व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मे घालून जुनी इटालियन व्हायोलिनं आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. त्यात स्ट्रॅडिव्हरी या नामांकित जुन्या कारागिराचीसुद्धा होती. बहुतेकांना कुठली जुनी ते ओळखता आलं नाही, आणि घरी कुठलं न्यायला आवडेल म्हटल्यावर बऱ्याच जणांनी नव्यावर बोट ठेवलं. २०१२ मध्ये हे छापून आलं. हे कळल्यापासून माझ्या बाकावरच्या परीक्षेबद्दल मी जरा मान देऊन बोलतो.

साताऱ्याहून अकरावीतली एक विद्यार्थिनी :

काका, दुकानदार म्हणतात बासवुडच्या बॉडीचा आवाज "पोकळ" येतो, महोगनी "भरीव" येतो. दोन गिटारींत अठरा हजारांचा फरक आहे. मी महोगनीच घेऊ का?

उत्तर : बाळ, पहिली गिटार घेताय तर अठरा हजार वाचव.

बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. रिकनबॅकरने १९३२ मध्ये काढलेली ती ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, आकारावरून लोक तिला तवाच म्हणायचे. लेस पॉल नावाचा खरा माणूस होता, गिब्सनच्या गिटारीला त्याचंच नाव. त्याने १९४० च्या सुमारास चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या वाशावर तारा आणि पिकअप बसवला आणि गिटार दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारीचे अर्धे अर्धे तुकडे चिकटवले. ते पंख केवळ बघणाऱ्यांसाठी होते. पुढे १९५० च्या दशकात डॅनइलेक्ट्रो कंपनी बॉडीला हार्डबोर्ड वापरायची, आपण कपाटाच्या पाठीला ठोकतो तोच. लेड झेपेलिन बँडच्या जिमी पेजने तसली गिटार मोठमोठ्या मंचांवर वाजवलीय. हार्डबोर्ड "पोकळ" वाजला म्हणून कोणी उठून गेल्याचं ऐकिवात नाही.

लाकडाने काहीच होत नाही असं नाही. मान मऊ असली तर काही ठरावीक सूर लवकर मरतात, मान स्वतःच थरथरून तारेची ताकद खाते. वजनात फरक पडतो, आणि दोन तास उभं राहून वाजवायला लागलीस की खांद्याला तो कळेल. पण कानाला जो "भरीव" आवाज येतो तो पिकअप एका वेटोळ्याचा की दोन, तारेपासून किती अंतरावर, ब्रिजजवळचा (तारा बॉडीवर टेकतात ती घोडी) की मानेजवळचा, यावर कितीतरी जास्त ठरतो. दुकानदाराला म्हण, दोन्हींत एकाच जातीचे पिकअप असलेल्या गिटारी दाखवा. मग बघ तो काय दाखवतो.

मानेवरच्या पट्टीला मात्र शिसवी असेल तर दोन मिनिटं हात फिरव. ते आपल्याच सह्याद्रीतलं झाड, जगभरच्या गिटारींच्या मानांवर बसलंय. २०१७ मध्ये या जातीच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध कडक झाले तेव्हा गिटारवाल्यांची पळापळ झाली होती. २०१९ अखेरीला तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, मग सगळे शांत झाले.

इस्लामपूरचा एक ऑर्केस्ट्रा वादक :

दादा, एक जण गिब्सन लेस पॉल साठ हजारांत द्यायला तयार आहे, "मामा दुबईहून घेऊन आले" म्हणतो. घेऊ?

उत्तर : मामा खरा असेल, गिटारीचं बघू. मानेच्या टोकाला घंटेच्या आकाराचं छोटं झाकण असतं. गिब्सनला त्याला दोन स्क्रू असतात. तीन दिसले की हात जोडून उठ. झाकण काढू दिलं तर आत सळईच्या टोकाला षटकोनी पितळी नट हवा, ज्याला पाना बसतो. अ‍ॅलन की घालायचं भोक दिसलं तरी उठ. नंबर मानेच्या डोक्याच्या पाठीमागे लाकडात दाबून उठवलेला हवा, स्टिकर नको.

सगळं खरं निघालं तर एक गोष्ट शेवटी कर. डोकं मानेला मिळतं तिथे, पाठीमागून, टॉर्च तिरका धरून बघ. या गिटारीचं डोकं सतरा अंशांनी मागे कललेलं असतं, आणि स्टँडवरून उताणी पडली की नेमकी तिथेच मोडते. शिरसाने जोडून पॉलिश मारलं की साध्या उजेडात दिसत नाही, नखाला लागतं. जोडलेली असली म्हणून वाईट नव्हे, चांगली जोड मूळ लाकडापेक्षा पक्की धरते. पण मग भाव अर्धा. मामांना तसं सांग.

हरिपूरहून एक भगिनी :

२०१९ च्या पुरात भावाची गिटार चार दिवस पाण्यात होती. तेव्हापासून माळ्यावर आहे. फेकून देऊ का?

उत्तर : ताई, फेकू नका आणि कशालाही जोडूही नका. तारा गंजलेल्या असतील, बटणांत गाळ असेल, ते सगळं मिळून हजार-दीड हजारात बदलतं. चुंबकाला पाण्याने काही होत नाही. प्रश्न त्या केसाएवढ्या तांब्याच्या तारेचा आहे, ती आतून कुजून तुटली का. घरात कोणाकडे मल्टिमीटर असेल तर पिकअपच्या दोन वायरींना लावून बघा, पाच ते नऊ किलोओमच्या मधला आकडा आला तर जिवंत. काटा हललाच नाही तर नवीन गुंडाळावा लागेल, तो मी गुंडाळतो. स्क्रूवरची मान असली तर मान सोडवून नुसती बॉडी आणली तरी चालेल, बसमध्ये त्रास कमी. स्क्रू मात्र डबीत घालून आणा, ते चार स्क्रू हल्ली मिळत नाहीत.